नागझरीच्या अलीकडचं पुणं, पलीकडचं पुणं

(इंदुरी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

आज तुम्हाला बसल्या जागेवरून फिरायला न्यायचं आहे. चपला घालायची गरज नाही.

निवृत्त झाल्यापासून महिन्यातल्या एका रविवारी मी पुण्यात वीस-पंचवीस लोकांना पायी फिरवतो. सकाळी सातला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर जमायचं आणि साधारण साडेदहाला लष्करात, लाल देवळापाशी संपवायचं. अंतर पाचेक किलोमीटर, पण थांबत थांबत, बोलत बोलत जायचं म्हणून वेळ लागतो. हल्ली याला हेरिटेज वॉक म्हणतात. म्हणेनात. पुण्यात अशा फेऱ्या पुष्कळ निघतात आणि त्यातल्या काही फार चांगल्या असतात. शनिवारवाडा, लालमहाल, कसबा गणपती, नानावाडा, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, मग मिसळ. माझं त्यांच्याशी भांडण नाही. फक्त त्या फेरीत एकच शहर दिसतं. माझं म्हणणं असं, की पुणं हे निदान दोन शहरांचं मिळून झालेलं आहे आणि ती दोन शहरं एकमेकांकडे पाठ करून बसलेली होती. मधे भिंत नव्हती, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही एवढंच.

जगात दुभंगलेली शहरं प्रसिद्ध आहेत. बर्लिनमध्ये १९६१ च्या ऑगस्टमध्ये भिंत आली आणि १९८९ मध्ये पडली. आज तिथं रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवलेली आहे, भिंत कुठून गेली होती ते दाखवायला. माणसं त्या ओळीवर एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून फोटो काढून घेतात. सायप्रसमध्ये निकोसिया शहराच्या मधून अजून रेघ आहे, तिथल्या बाजाररस्त्यावरचा नाका २००८ मध्ये उघडला. या शहरांत वाटाड्याचं काम सोपं. रेघ दाखवायची, गोष्ट सांगायची. पुण्याची रेघ दगडात नाही. मग ती दाखवायची कशी?

मी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, तेव्हा एवढा अवांतर प्रश्न विचारू द्या. एका कागदावर अर्धा भाग लाल, अर्धा निळा. दोन्ही रंग जिथं एकमेकांना टेकतात, ती रेघ कुठल्या रंगाची? लाल म्हणावी तर ती लालाच्या आत गेली. निळी म्हणावी तर निळ्याच्या. कुठल्याच रंगाची नाही म्हणावं, तर दोन रंगांच्या मधे बिनरंगाची फट राहिली. मोठमोठ्या लोकांनी यावर डोकं चालवलं आहे. मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही, पण पुण्यात चालताना तो प्रश्न रोज आठवतो. कारण पुण्यात ती रेघ पाण्याची आहे. म्हणून मी फेरी हौदावरून हौदाकडे नेतो.

आता इंदुरीच्या लोकांनी म्हणावं, पुण्याच्या भांडणात आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या किल्ल्यापासूनच सुरुवात करू.

इंद्रायणीच्या काठावरची ही गढी, आत कडजाई देवीचं देऊळ, तुम्ही सगळे जाता. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांचं हे ठाणं. १७१७ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना सेनापतिपद दिलं. गुजरातेत चौथाई वसूल करणारं हे मावळातलं घराणं. खंडेरावांनंतर त्रिंबकराव सेनापती झाले. आणि १ एप्रिल १७३१ ला डभईला बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना ते पडले. मराठ्यांचा सेनापती मराठ्यांच्याच पेशव्याशी लढताना पडला. आता शनिवारवाड्याच्या तारखा बघा. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२. वाडा उभा राहत होता त्या दोन वर्षांच्या बरोबर मधे आमचा सेनापती गेला. दिल्ली दरवाजासमोर उभा राहून मी हे पहिलं सांगतो. पुण्याचे लोक जरा चपापतात. त्यांना वाड्याच्या तारखा पाठ असतात, डभईची नसते.

आणखी एक गोष्ट मावळातून पुण्याला गेली. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची प्रथा तळेगावात दाभाड्यांनी सुरू केलेली होती. डभईनंतर ती पेशव्यांनी उचलली आणि पुण्यात पर्वतीच्या रमण्यात नेली. तिथं ती वाढली, गाजली. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्याच पैशाला वळण देऊन १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. म्हणजे तळेगावच्या श्रावणातला पैसा शेवटी पुण्याच्या शाळेत गेला. त्या शाळेत कोण बसू शकत होतं, ते सांगायला नको. विश्रामबागवाड्यापासून अगदी जवळ, सत्तावीस वर्षांनी, दुसरी एक शाळा निघाली. तिच्याकडे येतोच.

शनिवारवाड्यात हजारी कारंजं होतं, हे सगळ्यांना माहीत. त्याला पाणी कुठून येई? कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या घाटाखाली तलाव बांधून तिथून जमिनीखालून नळ आणला. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. मधे मधे हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून उच्छ्वास बांधलेले. सातारा रस्त्याला अजून काही दिसतात. त्या काळच्या मानानं फार उत्तम काम. ते पाणी शहरात हौदांतून पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद, ही नावं त्यातून आली. हौद बुजले, नावं बसथांब्यांवर राहिली.

पाणी उताराकडे जातं, हे आपण शाळेत शिकतो. पण शहरातलं पाणी उतारानं जात नाही. ते मानानं जातं. हौद सार्वजनिक होता, म्हणजे कुणाचा? कासारांचा होता, शिंप्यांचा होता, माळ्यांचा होता, त्यातही घागर कुणी आधी बुडवायची याच्या रीती होत्या. आणि महार-मांगांचा तर नव्हताच. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात एक नोंद आहे, की पूर्वी दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी महार-मांगांना पुण्याच्या वेशीच्या आत येऊ देत नसत, कारण त्या वेळी सावली लांब पडते. ही नोंद पेशवाई गेल्यानंतर शंभर वर्षांनी छापलेली आहे. म्हणून मी ती हुकमाचा कागद दाखवावा तशी दाखवत नाही. ऐकीव म्हणून सांगतो. फेरीत कुणीतरी लगेच विचारतं, मग खोटं आहे का? मी म्हणतो, सावलीचं सोडून देऊ, हौदाचं बघू. हौदाबद्दल कागद लागत नाही. तुमच्या आजीला विचारलं असतं तरी कळलं असतं.

माझ्या आजोळी, मावळातच, गावाचं नाव सांगत नाही, विहिरीच्या काठापासून पाच-सात हातांवर बायका घागरी मांडून उभ्या असत. कुणी सवर्ण बाई यायची, पोहरा काढायची, तिला वाटलं तर वरून त्यांच्या घागरीत धार धरायची. नाही वाटलं तर नाही. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. महाडचं चवदार तळं तर १९२७ चं. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. ऊन लागतंय त्या बायकांना, एवढंच वाटल्याचं आठवतं.

असो. चालू या.

वाड्यापासून दक्षिणेला बुधवार पेठेत आलात की फरासखान्यापाशी एक हौद आहे, बाहुलीचा हौद. शेजारून रोज हजारो लोक जातात, वर मान करून कुणी बघत नाही. हा कात्रजच्या योजनेतल्या जुन्या हौदांपैकी नव्हे, नंतरचा. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी बांधला. घोले रस्ता ज्यांच्या नावाचा, तेच. सत्यशोधक समाजातले, जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांची मुलगी काशी, लाडानं तिला बाहुली म्हणत. तिला त्यांनी शिकायला घातलं. ती लहानपणीच गेली. लोक सांगतात, मुलीला शिकवतो या रागानं कुणीतरी तिला काच घातलेलं खायला दिलं. तिच्या आठवणीसाठी वडिलांनी हौद बांधला आणि सगळ्या जातींना खुला केला. देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधली नाही. पाणी ठेवलं. माझ्या फेरीत इथं लोक गप्प होतात. मीही फार बोलत नाही.

समोरच्या अंगाला, दगडूशेठ गणपतीसमोर, भिडेवाडा होता. २०२३ च्या डिसेंबरात पाडला, स्मारकासाठी. १८४८ मध्ये फुले दांपत्यानं मुलींची शाळा इथं काढली. हीच ती सत्तावीस वर्षांनंतरची शाळा. वाडा तात्यासाहेब भिड्यांचा, हे विसरू नये. ब्राह्मण पेठेतल्या ब्राह्मणानं जागा दिली. माझ्यासारख्यांना हे सांगताना जरा जास्तच बरं वाटतं, तेव्हा ते मी मुद्दाम एकदाच सांगतो.

आता बघा, पुण्यातला पहिला खरा वॉक कुणी केला? सावित्रीबाईंनी. फुल्यांचं घर गंज पेठेत, शाळा बुधवारात. तेवढं अंतर त्या रोज चालत. लोक शेण मारत, माती मारत, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर नेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ऐकताना आपण शेणाकडे बघतो, वाटेकडे बघत नाही. त्या कुठून कुठं जात होत्या? गंज पेठेतून बुधवारात. शहराच्या एका अंगातून दुसऱ्या अंगात. शेण शिक्षणासाठी पडलंच, पण ओलांडण्यासाठीही पडलं. आपण फेरीत त्यांच्या वाटेनं उलटे चालतो, शाळेकडून घराकडे. दीडेक किलोमीटर. सकाळी बाजार उघडायच्या आत अर्धा तास पुरतो.

वाटेत मंडई. इथं जरा हसू येतं. १८८६ मध्ये उघडली तेव्हा तिचं नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. जोतीराव नगरपालिकेत सभासद होते त्या काळात मंडईच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. हा पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत गेल्यावर मंडईला नाव दिलं गेलं महात्मा फुल्यांचं! ज्या इमारतीला नको म्हटलं, तिच्यावरच नाव. एका परीनं बरंही झालं. फुलं-भाजीचा धंदा हा त्यांच्या घराण्याचाच.

मंडईतून पूर्वेला गुरुवार पेठ. जुनं नाव वेताळ पेठ. या वेताळ पेठेत १८५२ मध्ये फुल्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. आणि याच पेठेत पंचहौद मिशन आहे. विटांचं उंच चर्च, उंच मनोरा. पाच हौद होते म्हणून पंचहौद. इथं मी लोकांना जरा बसवतो, कारण गोष्ट लांब आहे आणि मला ती फार आवडते.

१४ ऑक्टोबर १८९०. गोपाळराव जोशी, आनंदीबाई जोशींचे यजमान, विक्षिप्त माणूस, त्यांनी पुण्यातल्या पाच-पन्नास प्रतिष्ठितांना मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलं. व्याख्यान झालं आणि मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कुणी प्याले, कुणी नुसता पेला हातात घेतला, कुणी तसाच खाली ठेवला. मंडळींत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. नंतर गोपाळरावांनीच सगळ्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. झालं. ग्रामण्य उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी बसली. टिळकांनी सांगितलं, मी काशीला प्रायश्चित्त घेतलेलं आहे. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, आणि त्यावर त्यांच्याच सुधारक मित्रांनी त्यांना बोल लावले. हायकोर्टात न्यायमूर्ती होऊ घातलेला माणूस, उद्याचा लोकमान्य, उद्याचा नामदार, आणि प्रश्न काय, तर चहा कुणाच्या हातचा.

आपण हसतो. पण तारीख पुन्हा बघा. १४ ऑक्टोबर. इथून चालत काही मिनिटांवर गंज पेठेत जोतीराव फुले तेव्हा आजारी होते. २८ नोव्हेंबरला ते गेले. एकाच शरद ऋतूत, जवळजवळ एकाच गल्लीत, एकीकडे शहर चहावरून पेटायच्या बेतात होतं आणि दुसरीकडे ज्या माणसानं बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना उघडून दिला होता, तो अंथरुणाला खिळून होता. त्याचं शहराला तेवढं वाटलं नाही. दोन शहरं म्हणतो ती अशी. अंतर मिनिटांचं असतं आणि बातमी पोचत नाही.

तर आता फुलेवाडा. पेठेचं नावही आता महात्मा फुले पेठ. आत तुळशीवृंदावनासारखी समाधी, बाजूला तो हौद. १८६८ चा. हौद म्हणजे फार मोठा नाही. लोक येतात, ‘एवढाच?’ म्हणतात. एवढाच.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नेहमीप्रमाणे सांगत होतो, जोतीरावांनी हौद खुला केला, केवढं धाडस, घरातून-जातीतून केवढा विरोध. फेरीत एक साठीच्या ताई होत्या. नाना पेठेत राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. पूर्ण रस्ताभर काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “सर, हौद उघडणाऱ्याचं नाव तुम्ही सांगितलंत. पहिली घागर कुणी बुडवली, त्या बाईचं नाव काय?”

मला सांगता आलं नाही. तिचं नाव मी कुठं वाचलेलं नाही.

त्या पुढं म्हणाल्या, “उघडणाऱ्याला शिव्या बसल्या असतील. पण त्याच्या अंगात उभं राहायचं बळ होतं, नाव होतं, ठेकेदारीचा पैसा होता. जी घागर घेऊन आली, तिला घरी परत जायचं होतं.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. आम्ही सगळे हौदाकडे बघत राहिलो.

तेव्हापासून मी तिथं मुक्ता साळवेचं नाव घेतो. मांग समाजातली मुलगी, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. १८५५ मध्ये तिनं महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी वयात. नुसतं दुःख सांगून ती थांबत नाही, शास्त्राच्या अधिकारालाच प्रश्न विचारते. मी चाळीस वर्षं कॉलेजात धर्माचं तत्त्वज्ञान शिकवलं. कांट शिकवला, ह्यूम शिकवला. तो निबंध एकदाही वर्गात वाचून दाखवला नाही. अभ्यासक्रमात नव्हता, हे खरं. पण मागितला तरी कुठं होता? घागरीवालीचं नाव मिळत नाही, निबंधवालीचं मिळतं. हे पुरेसं उत्तर नाही हे मला ठाऊक आहे. त्या ताई पुन्हा एकदा फेरीला आल्या होत्या. ऐकून घेतलं, मान हलवली, म्हणाल्या काही नाही.

फुलेवाड्यातून निघून मी मंडळींना लक्ष्मी रस्त्यावर आणतो, डुल्या मारुतीपाशी. पानिपताच्या वेळी हा मारुती डुलला म्हणतात. इथून रस्ता पूर्वेला जातो आणि लगेच नागझरी ओलांडतो. मी विचारतो, आत्ता आपण काय ओलांडलं? दहातल्या नऊ जणांना पत्ता नसतो. वास आला, नाक धरलं, पुढं गेलो. गटार झालं आहे. पण जुन्या नकाशावर बघा. हा खरा ओढा, दक्षिणेकडून येऊन मुठेला मिळणारा, आणि जुन्या वस्तीची ही पूर्वेची कड. अलीकडे कसबा, रविवार, बुधवार, शनिवार, त्यापलीकडे नारायण, सदाशिव. पलीकडे सोमवार, मंगळवार, रास्ता, नाना, भवानी. आणि त्याच्याही पूर्वेला लष्कर.

आता या पाण्याची रेघ कुठल्या रंगाची? दोन्हीकडची घाण त्यात पडते. एवढ्या एका बाबतीत तो ओढा दोघांचा आहे.

१८१७ च्या ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. मग पूर्वेला छावणी पडली आणि तिचं शहर झालं. सेंट मेरी चर्च १८२५ मधलं. सरळ रस्ते, बंगले, बाजार. गावातला माणूस ‘लष्करात जाऊन येतो’ म्हणायचा, जणू परगावी चालला आहे. लष्कराचा कारभार वेगळा, गावाच्या नगरपालिकेचा त्याच्याशी संबंध नाही.

मधल्या पेठांत कोण आलं? ज्यांना गावात जागा नव्हती आणि लष्करात काम होतं ते. पारशी, बोहरी, गोवेकर ख्रिस्ती, तेलुगू बोलणारे, बेने इस्रायली, महार, मांग, चांभार. लष्करात बटलर, मोतद्दार, भिस्ती, कारखान्यातले कामगार लागत. शिवराम जानबा कांबळे लष्कराच्या याच जगातून वर आले. १९०८ पासून ‘सोमवंशीय मित्र’ काढू लागले आणि १९२९ मध्ये पर्वतीच्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात पुढं उभे राहिले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ पुण्यात लष्कराच्या पंतोजी शाळेत शिकले. म्हणजे विश्रामबागच्या पाठशाळेत ज्याला शिरकाव नसता, त्याला मास्तर व्हायला इंग्रजांच्या छावणीनं शिकवलं. हे सांगितलं की कुणीतरी म्हणतं, मग इंग्रज बरे होते म्हणायचं. मी म्हणतो, थांबा. याच इंग्रजांनी १८९० नंतरच्या वर्षांत महारांची लष्करभरती बंद केली. लढवय्या जातींचं एक खूळ निघालं आणि ज्यांच्या पिढ्या पलटणीत गेल्या त्यांना दार बंद. शिवाय छावणीत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वस्तीत अंतर होतंच. रेघ काढायची कला आपणच शोधली असं काही नाही.

आणि रेघा आणखी बारीक होतात. लाल देऊळ, ज्याचं खरं नाव ओहेल डेव्हिड, ते डेव्हिड ससून यांनी बांधवलं, १८६७ मध्ये पुरं झालं. ते बगदादी ज्यूंचं, लष्करात. पण कोकणातून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांचं प्रार्थनामंदिर वेगळं, रास्ता पेठेत. देव एक, ग्रंथ एक, सब्बाथ एक, आणि मधे हे अंतर. मला हे कळलं तेव्हा फार मौज वाटली, आणि मग नाही वाटली.

इथं नाना पेठेत एका हॉटेलात आम्ही चहाला थांबतो. आता माझी गोष्ट.

१९६६ मध्ये मी इंदुरीहून पुण्याला शिकायला गेलो. तळेगावला गाडी पकडायची. सदाशिव पेठेत खोली, तिथंच खानावळ, नदीपलीकडे कॉलेज. चार वर्षांत मी नागझरी ओलांडली ती एकदा. वर्गात भवानी पेठेतला एक मुलगा होता, हुशार, माझ्यापेक्षा इंग्रजी चांगलं. तर्कशास्त्राच्या टिपणांसाठी मी त्याच्यावर अवलंबून. एकदा परीक्षेच्या आधी टिपणं आणायला त्याच्या घरी गेलो. चाळीतली खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्याची आई बाहेर आली, म्हणाली, “बस बाळा, चहा टाकते.” आणि मी म्हणालो, “मावशी, आज माझा उपवास आहे.”

गुरुवार होता की काय आठवत नाही. उपवास नव्हता. आणि उपवासाला चहा चालतो, हे त्या माउलीला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? ती ‘बरं’ म्हणाली आणि आत गेली. मुलगा टिपणं काढत होता, त्यानं मान वर केली नाही. मी टिपणं घेऊन निघालो. त्या परीक्षेत मला तर्कशास्त्रात सगळ्यात जास्त गुण पडले.

पुढं पंचवीस-तीस वर्षांनी तो एका परिसंवादात भेटला. मोठ्या पदावर होता. मी ते काढलं. तो हसला, म्हणाला, “मला काही आठवत नाही रे.” आठवत नसेल. किंवा माझी सुटका करायची असेल. मी त्याला पुढं विचारलं नाही. आईबद्दल विचारलं, ती गेली होती.

पंचहौदाची गोष्ट सांगताना लोक हसतात तेव्हा मीही हसतो, पण मला माहीत असतं की छहात्तर वर्षांनी मीही तोच पेला खाली ठेवला होता. माझ्यावर ग्रामण्य बसणार नव्हतं. शंकराचार्य विचारणार नव्हते. घरीसुद्धा कुणाला कळलं नसतं. रानड्यांना निदान भीती कशाची होती ते सांगता येतं. मला आजही सांगता येत नाही.

एक प्रश्न आला आहे, की सर, हे सगळं जुनं आता कशाला? आता सदाशिव पेठेतला माणूस लष्करात जेवायला जातो, मोबाईलवर सगळीकडचं मागवतो. बरोबर आहे. जातो. फेरीत मी लोकांना हात वर करायला सांगतो, पुण्यातच जन्मलेले किती? बरेच हात वर होतात. त्यातले भवानी पेठेत कुणाच्या घरात जाऊन बसलेले किती? दुकानात नव्हे, घरात. दोन-तीन हात राहतात. उलटंही विचारतो. नाना पेठेतली, भवानी पेठेतली मंडळी आली असतील तर त्यांना, की सदाशिव पेठेत कुणाच्या घरी? तेव्हाही दोन-तीनच.

दुसरा प्रश्न, फेरीला येता येईल का. येता येईल की. इथून पहाटे निघावं लागेल, वडगाव-तळेगावहून गाडी आहे. महिन्याचा तिसरा रविवार, पावसाळ्यात बंद. पैसे लागत नाहीत. नाना पेठेतला चहा मात्र ज्याचा त्यानं द्यायचा, आणि तिथं उपवास सांगायचा नाही.